लो-पास, बँड-पास की स्टब?

रेडिओ ट्रान्समीटरसाठी फिल्टर विकत घ्या नाहीतर घरी बनवा, आधी ट्रान्समीटरमधून निघणारा नको असलेला सिग्नल नेमका कुठे पडतोय ते शोधा. 7 मेगाहर्ट्झवर बोलताना तो 14 आणि 21 वर दिसत असेल, तर ती हार्मोनिक्स, म्हणजे मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीतले सिग्नल, आहेत. त्यांच्यावर लो-पास फिल्टरच (ठरावीक फ्रिक्वेन्सीच्या वरचं अडवणारा) घ्यावा. 8 मेगाहर्ट्झला कापणारा, 0.1 डेसिबल रिपलचा (सोडलेल्या पट्ट्यातला चढउतार), पाच घटकांचा चेबिशेव्ह प्रकारचा फिल्टर 21 वर कागदावर 48 डेसिबलच्या आसपास दाबतो, पण 14 वर जेमतेम 28. सात घटकांचा केला की 14 वरही 48 पर्यंत जातो. म्हणजे एक कॉइल आणि एक कपॅसिटर जास्त, एवढ्यासाठी कंजुषी कशाला? अपवाद पुश-पुलचा (दोन ट्रान्झिस्टर आळीपाळीने चालवणारा अॅम्प्लिफायर): तिथे सम हार्मोनिक्स बरीचशी आपसांत कटतात, पाचात भागू शकतं.

मूळ फ्रिक्वेन्सीच्या खाली काही दिसत असेल, म्हणजे मिक्सरची इमेज (फ्रिक्वेन्सी मिसळताना तयार होणारा नको तो सिग्नल) किंवा ऑसिलेटरची गळती, तर लो-पास ते बिनबोभाट पुढे सोडतो. तिथे बँड-पास (एका पट्ट्याच्या वरचं-खालचं दोन्ही अडवणारा) हवा, आणि तोही पॉवर अॅम्प्लिफायरच्या आधी. नंतर लावलात आणि त्यात 1 डेसिबल गेला, तर 100 वॅटमधले 20 वॅट फिल्टर तापवण्यातच खर्च.

स्टब, म्हणजे फीडलाइनला (अँटेनाकडे जाणाऱ्या केबलला) जोडलेला केबलचा तुकडा, सगळ्यांत स्वस्त. 0.66 व्हेलॉसिटी फॅक्टरच्या (प्रकाशाच्या तुलनेत केबलमधला सिग्नलचा वेग) कोअॅक्स केबलचा सुमारे 7 मीटर तुकडा घ्या, टोक शॉर्ट करा, टी-कनेक्टरने फीडलाइनवर लटकवा. 7.1 वर तो असून नसल्यासारखा, 14 आणि 28 ला मात्र शॉर्ट. 21 मात्र आरामात निसटतं, आणि बँड बदलला की हा काढायचा. तयार रिगमध्ये (रेडिओ सेटमध्ये) लो-पास असतोच. शेजारी दुसरं स्टेशन 14 वर ऐकत बसलं असेल, तर अशा रिगला मी स्टबच जोडेन.

शेजारच्या चॅनेलवर फाटलेला आवाज पसरत असेल, तर यातला एकही उपाय कामाचा नाही. ड्राइव्ह (अॅम्प्लिफायरला दिलेला सिग्नल) कमी करा: 1 डेसिबल उतरवलं की तिसऱ्या क्रमाचं इंटरमॉड्युलेशन (सिग्नल एकमेकांत मिसळून होणारी विकृती) मूळ सिग्नलच्या तुलनेत साधारण 2 डेसिबल उतरतं.

मोजताना एक फसगत ठरलेली. स्पेक्ट्रम अॅनालायझरच्या (फ्रिक्वेन्सीनुसार सिग्नल दाखवणाऱ्या उपकरणाच्या) आधी 10 डेसिबलचा अॅटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा भाग) वाढवा. हार्मोनिक 10 पेक्षा जास्त घसरलं, तर त्यातला काही वाटा अॅनालायझरच्याच पोटात तयार होत होता.