पेक्स-१ची जीन टेस्ट: काउन्सेलर मॅडम एक नंबर, लॅबचा कारभार मात्र रामभरोसे

५ पैकी साडेतीन स्टार, त्यातले तीन एकट्या काउन्सेलर मॅडमचे. लॅबचं नाव देत नाही, पुण्यातली आहे एवढंच, उगाच वाद नकोत.

पेशंट म्हणजे माझी भाची, आता सव्वा वर्षाची. जन्मापासून अंग ढिलं, टाळू मोठी, दूध नीट ओढायची नाही आणि कानाच्या टेस्टमध्ये पण फेल. डॉक्टरांनी आधी रक्तातली व्हीएलसीएफए करायला लावली, म्हणजे फार लांब साखळीची फॅटी अ‍ॅसिड मोजतात, त्यात सी-२६ वाढलेलं आलं तेव्हा म्हणाले झेलवेगर ग्रुपमधला पेरॉक्सिझोमचा आजार वाटतोय, आता जीन टेस्ट करा. ही आधीची टेस्ट टाळू नका हां, जीन टेस्टपेक्षा कितीतरी स्वस्तात पडते आणि कुठे शोधायचं ते कळतं.

सॅम्पल घ्यायला आलेला मुलगा छान होता, एका टोचण्यात जांभळ्या झाकणाची ट्यूब भरली, पोरगी रडली पण नाही फारशी. कौतुक इथे संपलं. ४ आठवडे सांगून रिपोर्ट सातव्या आठवड्यात आला, मधे कितीही फोन करा "सर प्रोसेसमध्ये आहे". आणि आला तो कसा, तर रात्री साडेनऊला व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ, ना फोन ना काही. पेक्स-१ जीनमध्ये बदल, होमोझायगस म्हणजे दोन्ही कॉपीत तोच, पॅथोजेनिक म्हणजे आजार करणारा. ताई रात्रभर गूगल करत बसली आणि पहिल्यांदा काय दिसणार तर सगळ्यात गंभीर प्रकारातली बाळं वर्षभरही काढत नाहीत. अरे असा रिपोर्ट पाठवतात का कोणी? दीड स्टार इथेच कापला.

दोन दिवसांनी काउन्सेलिंग, तेही आम्ही मागितलं म्हणून, पॅकेजमध्ये असून कोणी सांगितलं नव्हतं. मॅडमनी तासभर दिला. पेरॉक्सिझोम म्हणजे पेशीतलं छोटं गोडाऊन समजा, एन्झाइमचा माल आत आणायचं काम पेक्स-५ नावाचा टेम्पो करतो, माल उतरला की तो रिकामा टेम्पो ओढून बाहेर काढायला पेक्स-१ आणि पेक्स-६ची जोडी लागते, तीच लंगडी असेल तर टेम्पो दारातच अडकतो आणि पुढचा माल आत जात नाही. दाजींचं मार्केट यार्डात दुकान आहे, त्यांना हे जेवढं पटकन कळलं तेवढं मला पण नाही! मग म्हणाल्या या ग्रुपमध्ये १३ जीन आहेत पण साधारण ६० टक्के केसेस पेक्स-१च्याच. त्यात नेहमी सापडणारे दोन बदल, एक सौम्य एक कडक, आमचा तिसराच निघाला, त्यामुळे पोरगी पुढे कशी राहील हे रिपोर्टवरून छातीठोक सांगता येणार नाही, तिच्या तब्येतीकडे बघायचं. पूर्ण बरं करणारं औषध नाही हेही तोंडावर सांगितलं. लिव्हर, ए-डी-ई-के व्हिटॅमिन, कानाचं मशीन, डोळे, काय कधी तपासायचं ते लिहून दिलं.

आता खरी गोष्ट. आमच्यात मामाची मुलगी करतात, ताईने आत्याच्या मुलाशीच लग्न केलंय, म्हणजे आत्याच तिची सासू. रिपोर्ट आल्यापासून घरात कोणी काही बोलत नव्हतं पण सगळ्यांच्या मनात तेच. मॅडमनी कागदावर चौकोन आणि गोल काढत झाड काढलं, ताई-दाजींमध्ये नात्यातल्या लग्नाची डबल रेघ मारली आणि शांतपणे सांगितलं, आजी किंवा आजोबा, कोणातरी एकाकडून हाच बदल दोन फांद्यांनी खाली आला असणार, ज्याच्याकडे एकच खराब कॉपी असते त्याला काहीच त्रास नसतो, म्हणून आजवर कोणाला पत्ता नाही. नात्यात लग्न केलं की दोघांकडे एकच बदल असण्याचा चान्स वाढतो हे खरंय, पण ते लपवलं पण नाही आणि कोणाला आरोपी पण केलं नाही. पुढच्या प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार असण्याचा चान्स २५ टक्के, आणि ११-१२ आठवड्यांत वारेचा तुकडा घेऊन तपासता येतं.

एक लक्षात ठेवा, आईबाबांच्या टेस्टचे पैसे वेगळे लागतात, आधीच विचारून घ्या, आम्हाला बिलात कळलं. झाडाचा तो कागद आत्याने मागून घेतला, तिच्या कपाटात साडीखाली आहे.