यामाहा ए-एस ३०१: कानाला पटला, घरी लावून बघितल्यावर

फोंड्याला आमच्या घरी यामाहाचा ए-एस ३०१ ॲम्प्लिफायर लावलाय, चॅनेलला ६० वॉट, सोबत पाच इंची वूफरचे (वूफर म्हणजे खालचे स्वर वाजवणारा मोठा पडदा) छोटे बुकशेल्फ स्पीकर, आणि कोणाला घ्यायचा असेल तर सरळ सांगते, घ्या, मस्त आहे, फक्त दुकानात ऐकून ठरवू नका. दोन सेटमधला एक जरासा मोठ्याने वाजत असला तरी तोच भारी वाटतो, कान तसाच असतो, म्हणून आधी दोघांचा व्हॉल्यूम सारखा करायला लावा आणि त्यांची डेमोची गाणी न लावता आपल्या रोजच्या ऐकण्यातलं काहीतरी लावा.

मी केसरबाई लावते. केरीच्या आमच्या केसरबाई केरकर, १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर ज्यांचं गाणं अंतराळात गेलं त्या. रेकॉर्डिंग जुनं, मोनो, खरखर आहे, बास नावालाच, मग टेस्टला हे कशाला? तर मोनो असलं की दोन्ही स्पीकरमधून एकच येतं, त्यामुळे गळा बरोब्बर दोघांच्या मधोमध यायला हवा, बाई समोर बसून गातायत असा. पसरट वाटला, कुठून येतोय तेच कळेना तर मागच्या वायरी बघा, एका स्पीकरचं प्लस-मायनस उलटं लागलेलं असू शकतं. आमच्याकडे पहिल्याच तानेला गळा मधे आला, तानेआधी घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला, मला तिथेच पटलं.

दुसरी परीक्षा घुमटाची, म्हणजे मडक्याच्या एका तोंडावर कातडं ताणलेल्या आमच्या गोव्याच्या वाद्याची. चवथीच्या आरत्यांत घुमट, शामेळ (काठ्यांनी वाजवायचं तालवाद्य), कासाळे (मोठ्या झांजा) अगदी कानाशी वाजतात लहानपणापासून, त्यामुळे खरा आवाज कसा ते आपल्याला कोणी शिकवायला नको. कातड्यावरची थाप वेगळी आणि दुसऱ्या हाताने मडक्याचं दुसरं तोंड झाकलं-उघडलं की येणारा हुंकार वेगळा, दोन्ही सुटे कळले पाहिजेत. स्पीकर कोपऱ्यात ठेवले तर नुसता हुंकार उरतो, थाप बुडते, ॲम्प कितीही चांगला असो. दीडेक फूट पुढे ओढा, ट्वीटर, म्हणजे वरचे स्वर वाजवणारा छोटा पडदा, आपण बसल्यावर कानाच्या उंचीला, आणि आपल्याकडे टाईल्सची उघडी जमीन असते तिच्यावर सतरंजी टाका, कासाळ्यांचा कर्कशपणा बराच जातो.

रात्री हळू लावायचं असेल तर ॲम्पचं लाउडनेसचं बटण फार कामाचं, हळू आवाजात आपल्या कानाला बास आणि वरचे स्वर कमी ऐकू येतात, हे बटण फिरवलं की मधला भाग खाली येतो आणि तोल राहतो. बाकी वेळ मी प्युअर डायरेक्ट चालू ठेवते, म्हणजे बास-ट्रेबलची बटणं वगळून आवाज सरळ जातो. रेकॉर्ड प्लेअरसाठी फोनो इनपुट आहे, टीव्हीसाठी ऑप्टिकल आहे, ब्लूटूथ आत नाही, ज्यांना फोनवरूनच ऐकायचंय त्यांनी हे बघून घ्या.

आणि स्पीकर घेताना वूफरची कडा फोमची की रबराची ते विचाराच, आपल्या दमट हवेत फोम काही वर्षांत कुजून तुटतो, रबर टिकतं.