आईच्या पायाला बांधलेला काळा दोरा

ज्यांच्या घरात हत्तीपायाचं माणूस आहे, त्यांच्यासाठी लिहितोय. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे अशी घरं कमी नाहीत.

नागभीडच्या बसस्टँडवर एक माणूस आपणहून जवळ आला. आईच्या पायाकडे बघून म्हणाला, "माझ्या मायचा पाय याच्याहून मोठा होता जी. आता रोवणीला जाते." औषधाचा विषयही त्याने काढला नाही. वैद्याचा नंबर मीच मागून घेतला. कसब म्हणतात ते हेच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वैद्य मोटरसायकलवर हजर. आई दिवसभर बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, राबून आलेली, पाय टरारून फुगलेला. त्याने घोट्याच्या वर काळा दोरा गच्च बसेल असा बांधला, लेप लावला आणि पाय दोन उशांवर ठेवून झोपायला सांगितलं. सकाळी दोरा ढिला! माझं बोट सहज आत गेलं. शेजारचे बघायला जमले. तिथेच आम्ही फसलो.

मग म्हणाला, आतलं विषारी पाणी ओढावं लागेल. तुंबडीमागे 600 रुपये, "सात-आठात काम होते." ब्लेडने बारीक चीर द्यायची, पितळी नळी लावून तोंडाने ओढायचं आणि वाटीत पिवळट गोळी थुंकायची. आई डोळे मिटून पडलेली, मी मोजतोय. दहाव्याला थांबा म्हटलं, तर म्हणे, "अर्धवट सोडलं तर विष वर चढते." 41 झाल्या. 24,600 रुपये, त्यातले बरेचसे बायकोच्या बचत गटाचे. वाटीतल्या गोळ्या नंतर नखाने खरवडून बघितल्या. मेणासारख्या होत्या, हळदीचा वास येत होता.

चौथ्या रात्री आईला हुडहुडी भरून ताप आला. पाय लालभडक, जांघेत गाठ. ग्रामीण रुग्णालयात पाच दिवस सलाईन आणि अँटिबायोटिक. तिथल्या डॉक्टर मॅडमनी सांगितलं, की क्युलेक्स डासातून आलेले जंत लसीकावाहिन्यांत, म्हणजे अंगातलं जास्तीचं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांत, राहून त्या खराब करतात, म्हणून पाणी साचतं. ओढून काढायला आत विष नसतंच. उलट अशा पायावरची बारीकशी चीरही जंतूंना उघडं दार. दोऱ्याचं विचारलं तर त्या हसल्याच. रात्रभर पाय उंच ठेवला तर बऱ्याच जणांची सूज सकाळी थोडी उतरते, लेप असो नसो.

हेच आशाताईंनी आदल्या वर्षी फुकट सांगितलं होतं. पाय रोज साबणाने धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, झोपताना पाय उंच ठेवा. टब, मग, साबण, टॉवेल, मलमही दिलं होतं. त्या टबात आम्ही कोंबड्यांना पाणी ठेवत होतो. खरं सांगायचं तर आम्ही रागावलेलो होतो. हत्तीपायावरच्या सरकारी डीईसीच्या गोळ्या खाऊनही पाय बारीक झाला नव्हता. त्या गोळ्या जंतांवर असतात, जुनी सूज त्यांनी उतरत नाही, हे नीट कुणी समजावलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. वैद्याने नेमकं तिथेच बोट ठेवलं होतं: "सरकारी गोळ्यांनीच पाय वाढला."

पोलिसांत गेलो. नाव विचारलं, मला फक्त 'वैद्यराज' माहीत. गाडीचा नंबर बघितलेला नाही. पैसे रोख दिलेले, पावती नाही. फोन त्याच दिवसापासून बंद. खिशात तो काळा दोरा होता, तेवढा टेबलावर ठेवला.