गूगल स्कॉलर प्रोफाइल : सात वर्षांच्या वापरानंतर

मी नाशिकच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवते आणि गेली सात वर्षे आपल्या शोधनिबंधांची नोंद गूगल स्कॉलर या शोधनिबंध शोधण्याच्या सेवेतल्या माझ्या प्रोफाइलवर ठेवत आले आहे. ही सेवा फुकट आहे. स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स या निबंधांचे संदर्भ मोजणाऱ्या सूचींची वर्गणी प्रत्येक ग्रंथालयाला झेपत नाही, त्यामुळे म्हसरूळच्या आरोग्य विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतल्या माझ्या ओळखीच्या बहुतेक शिक्षकांची पहिली, आणि पुष्कळदा शेवटचीही, मदार हिच्यावरच असते.

प्रोफाइल उघडायला दहा मिनिटे पुरतात. संस्थेचा ईमेल मात्र हवा, कारण त्याची पडताळणी झाल्याशिवाय ते इतरांना शोधात सापडत नाही. निबंधांच्या यादीशेजारी एकूण सायटेशन (आपल्या निबंधांचे घेतले गेलेले संदर्भ), एच-इंडेक्स आणि आय-टेन-इंडेक्स (निदान दहा सायटेशन मिळालेल्या निबंधांची संख्या) हे आकडे आजवरचे व अलीकडच्या पाच वर्षांचे अशा दोन रकान्यांत दिसतात. एच-इंडेक्स ही भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हर्श यांनी २००५ मध्ये मांडलेली मोजणी. माझे १७ निबंध आहेत आणि एच-इंडेक्स ६ आहे, म्हणजे त्यांतल्या सहा निबंधांचा प्रत्येकी निदान सहा वेळा कोणी ना कोणी संदर्भ घेतला आहे. सातवा निबंध पाचावर अडून बसला आहे आणि मी तो आकडा गरजेपेक्षा जास्त वेळा पाहते, हे कबूल करते.

खरी कसोटी लागते ती नावांपाशी. पाटील, पवार, जाधव, कुलकर्णी अशा आडनावांना एखादे आद्याक्षर जोडले की राज्यभरातले किती संशोधक एकाच नावात मावतात, याचा अंदाज मला प्रोफाइल उघडेपर्यंत नव्हता. आपल्याकडे मधले नाव वडिलांचे, लग्नानंतर पुष्कळ जणींचे पतीचे, आडनावही बदललेले. त्यामुळे एकाच बाईचे माहेरच्या नावाने छापलेले निबंध एकीकडे आणि सासरच्या नावाचे दुसरीकडे पडतात. नवे लेख आपोआप जोडण्याचा पर्याय मीच चालू ठेवला होता, आणि महिनाभर एका दंतवैद्याचे तीन निबंध माझ्या नावावर निवांत बसले होते. आता मी प्रत्येक लेख स्वतः तपासूनच घेते आणि संशोधकाला नावाऐवजी क्रमांकाने ओळखणाऱ्या, २०१२ पासून सुरू असलेल्या ऑर्किड नोंदणीचा माझा सोळा अंकी क्रमांक प्रत्येक निबंधासोबत देते.

आकड्यांवर किती विसंबावे, हा प्रश्न वेगळा. स्कॉलर प्रबंध, पुस्तके, परिषदांतले लेख आणि छपाईपूर्व मसुदे असे सारे मोजते, म्हणून तिथला आकडा स्कोपसपेक्षा बहुधा मोठा येतो. स्वतःच स्वतःचे दिलेले संदर्भ वगळण्याची सोय स्कोपसमध्ये आहे, इथे नाही. २०१२ मध्ये स्पेनमधील संशोधकांनी एका काल्पनिक लेखकाच्या नावाने सहा बनावट लेख तयार करून ग्रॅनाडा विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ठेवले. त्यांत १२९ निबंधांचे संदर्भ होते आणि स्कॉलरने ते मोजलेही. जैववैद्यकात आणखी एक गोम आहे. प्रथिने मोजण्याच्या पद्धतीवरचा लाउरी यांचा १९५१ चा निबंध तीन लाखांहून अधिक वेळा उद्धृत झाला आहे, कारण प्रयोगशाळेत ती पद्धत वापरणारा प्रत्येक जण त्याचा संदर्भ देतो. उलट एखाद्या दुर्मीळ रुग्णाची काळजीपूर्वक लिहिलेली हकीकत दोन-चार सायटेशनवर थांबते, आणि जागतिक रोगभाराच्या अभ्यासात शेकडो लेखकांपैकी एक असणाऱ्याचा आकडा हजारांत जातो. या तिघांची तुलना एका रकान्यात करणे म्हणजे शेर, मैल आणि तास यांची बेरीज करणे होय.

पदोन्नतीसाठीही प्रोफाइलची छापील प्रत पुरत नाही. तिथे निबंध मेडलाइन, स्कोपस अशा मान्य सूचींतल्या नियतकालिकात असावा लागतो. म्हणून मी प्रोफाइल वहीसारखे वापरते: आपल्या निबंधाचा संदर्भ कोणी घेतला, कोणत्या वाक्यासाठी घेतला, हे पाहायला याहून सोपी सोय मला मिळालेली नाही. दर महिन्याला यादी उतरवून ठेवते आणि पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या सूचीशी ताडून घेते.

मागच्या वर्षी शहरातल्या एका संस्थेत मुलाखतीला गेले होते. समितीने एच-इंडेक्स विचारला, मी सहा सांगितला. निबंध कशावर आहेत, हे कोणी विचारले नाही; कागदावर सहा लिहिले गेले आणि पुढच्या उमेदवाराला हाक मारली गेली.