जुन्या काळ्या शिलाई मशीनला मोटर बसवावी की पायमशीनच ठेवावी?

घरातल्या जुन्या उषा किंवा सिंगरला मोटर लावायचा विचार असेल, तर आधी चाक हाताने फिरवून पाहा. ते जड फिरत असेल तर तेलाचा चिकटा साचलेला असतो. मोटर तो काढत नाही, उलट स्वतः तापते.

मोटरचा फायदा लांब सरळ शिवणीत: पडदे, चादरी, साडीचा फॉल. गुडघे दुखणाऱ्यांसाठी तर प्रश्नच नाही. पण साध्या घरगुती मोटरला अगदी हळू चालताना जोर कमी पडतो. जीन्सची घडी आली की ती गुणगुणते आणि थांबते. तिथे चाकाला हात लावावाच लागतो. पट्टा फार ताणून बसवला तरी ती तापते.

पायमशीनची गंमत वेगळी. गळ्याच्या वळणावर एकेक टाका मोजून घालता येतो, वीज गेली तरी काम थांबत नाही. चामडी पट्टा सैल झाला की थोडा कापून क्लिप पुन्हा लावायची, खर्च नगण्य. नवशिक्यांचं चाक मात्र उलटं फिरतं आणि दोरा गुंततो. (आठवडाभर कापडाशिवाय नुसतं पायडल मारा, सवय होते.)

ब्लाऊज, झबली, दुरुस्त्या एवढंच शिवत असाल तर माझं मत पायमशीनला. रोज तासन्‌तास बसणार असाल तर मोटर घ्या, पण पायडल भंगारात देऊ नका. सुई दोन्हीकडे तीच: पातळ कापडाला ११ नंबर, सुतीला १४, जीन्सला १६ किंवा १८.