शडर (थरथर) थांबवणारी ५९ मिलीची ट्यूब: कधी चालते, कधी नाही

ऑटोमॅटिक पिकअप ट्रक ६०-८० च्या वेगात, हलक्या अ‍ॅक्सिलरेटरवर थरथरतो, तेव्हा संशय टॉर्क कन्व्हर्टरच्या (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) लॉकअप क्लचवर, म्हणजे दोघांना थेट जोडणाऱ्या क्लचवर जातो. थरथर चालू असताना ब्रेक पेडलला नुसता स्पर्श करा, ब्रेक न लागता दिवा पेटेल एवढाच. लॉकअप सुटतो, थरथर तत्क्षणी थांबली तर गिअरबॉक्सच्या ऑइलमध्ये ओतायची ही ट्यूब उपयोगाची. नाही थांबली, तर मिसफायर (सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणं), प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सची ताकद चाकांकडे नेणारा दांडा) आणि त्याचे यू-जॉइंट आधी तपासा.

ट्यूबमधल्या फ्रिक्शन मॉडिफायरमुळे (घर्षण बदलणाऱ्या रसायनामुळे) क्लच घसरत-पकडत राहण्याऐवजी सलग पकडतो. पण गिअरबॉक्सचं ऑइल आधी बघा. गाडी सपाट जागेवर, ऑइल गरम, इंजिन आयडलवर; सगळे गिअर फिरवून पार्कमध्ये आणा. डिपस्टिक धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसून पुन्हा घाला. जळका वास, काळा रंग किंवा धातूचे कण दिसले तर ट्यूबचे पैसे वाचवा. डिपस्टिकच नसेल, तर कंपनीने दिलेल्या तापमानाला चेक प्लगमधून (पातळी तपासायच्या बुचातून) पातळी पाहावी लागते. घरी हे जरा कटकटीचंच.

पातळी आधीच 'हॉट'च्या वरच्या खुणेला असेल तर तेवढंच ऑइल काढून मग ट्यूब रिकामी करा, कारण जादा ऑइलला फेस येतो. ट्यूबचं लांब तोंड सोयीचं आहे. सीव्हीटीत (ठराविक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिकमध्ये) मात्र हे घालू नका.

फरक पडला तरी ऑइल बदलाच. नुसता गिअरबॉक्सच्या तळाचा पॅन काढून निम्मंही बदलत नाही, बरंचसं कन्व्हर्टरमध्येच राहतं.