एकच प्रॉडक्ट की तीन? दहा जणांच्या कंपनीने ठरवायचं कसं

आठ डेव्हलपर, सपोर्टला दोन माणसं आणि प्रॉडक्ट्स तीन. एक जुनं, ज्यावर सगळ्यांचे पगार निघतात. एक नवं, ज्यात सगळ्यांचा जीव गुंतलाय. आणि तिसरं म्हणजे कधीकाळी एका मोठ्या ग्राहकाला करून दिलेलं काम, जे नंतर रंगरंगोटी करून विकायला काढलं. तुमचं चित्र साधारण असंच असेल तर समोर तीन वाटा आहेत: तिन्ही बरोबरीने चालवणं, एक ठेवून बाकीची बंद करणं, किंवा एकाला थोरलं मानून इतरांना नुसतं जिवंत ठेवणं.

पहिली वाट सगळ्यात गोड वाटते, कारण तिच्यात कुणालाच नाही म्हणावं लागत नाही. तिचा फायदाही खरा आहे: एका बाजारात मंदी आली की दुसरं प्रॉडक्ट घर चालवतं. पण खर्च कुठे होतो ते बघा. सोमवारी सकाळी जुन्या प्रॉडक्टच्या ग्राहकाचा फोन येतो, बिलं छापली जात नाहीत. तो कोड कळणारा माणूस एकच, आणि तो नव्या प्रॉडक्टचं लॉगिन लिहीत बसलाय. तो उठतो, जुना डेटाबेस आपल्या मशीनवर चढवतो, दोन वाजता कळतं की ग्राहकाने प्रिंटर बदललाय. दुरुस्ती पाच मिनिटांची. मग परत येऊन आपण नेमके कुठे होतो हे आठवेपर्यंत चार वाजतात. टाइमशीटवर नोंद पडते: ‘सपोर्ट, अर्धा तास’.

सॉफ्टवेअरच्या कामावर पुस्तकं लिहिणारे जेराल्ड वाइनबर्ग यांनी याचा एक आडाखा दिला होता. एका माणसाकडे दोन प्रोजेक्ट असले तर प्रत्येकाला ४० टक्के वेळ मिळतो आणि २० टक्के अदलाबदलीत जातो. तीन असले तर प्रत्येकी २० आणि वाया ४०. हे मोजमाप नव्हे, अंदाज आहे; पण वरच्यासारखा सोमवार ज्याने काढलाय तो आकड्यांवरून भांडणार नाही. शिवाय देखभाल दर प्रॉडक्टमागे वेगळी. पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या जुन्या आवृत्तीचा, पायथन २ चा, अधिकृत सपोर्ट १ जानेवारी २०२० ला संपला, तेव्हा पायथनवर एकच प्रॉडक्ट असलेल्यांनी कोड एकदा बदलला, तीन असलेल्यांनी तीनदा. अशा कामाचे वेगळे पैसे ग्राहक देत नाहीत.

‘एकच ठेवा’ म्हणणारे थर्टीसेव्हन सिग्नल्स या अमेरिकन सॉफ्टवेअर कंपनीचा दाखला देतात. फेब्रुवारी २०१४ मध्ये या कंपनीने बेसकॅम्प हे प्रोजेक्ट सांभाळायचं सॉफ्टवेअर सोडून बाकी प्रॉडक्ट्समधून अंग काढून घ्यायचं ठरवलं आणि कंपनीचं नावसुद्धा बेसकॅम्प केलं. सगळ्यांना न्याय द्यायचा तर माणसं वाढवावी लागतील, आणि त्यांना छोटंच राहायचं होतं. दाखला चांगला आहे, फक्त तो अर्धवट सांगितला जातो. त्यांनी ठेवलं ते आधीपासून सगळ्यात जास्त चालणारं प्रॉडक्ट. आवडतं पण न कमावणारं नव्हे. त्यांचं दुसरं प्रॉडक्ट, हायराइज, वेगळ्या कंपनीकडे गेलं, २०१८ मध्ये नवे ग्राहक घेणं थांबलं, पण जुन्यांची सेवा चालूच राहिली. म्हणजे ‘बंद’ केलेलंही काम मागत राहतं. आणि २०२० मध्ये त्यांची ‘हे’ (HEY) नावाची ईमेल सेवा आली, २०२२ मध्ये कंपनीने जुनं नाव परत घेतलं. एकच प्रॉडक्ट हा त्यांचाही त्या काळापुरता निर्णय होता.

माझा कल तिसऱ्या वाटेकडे आहे. थोरलं ते, जे आज कमावतं किंवा ज्याचे ग्राहक मागे लागून फीचर मागतात. धाकट्यांना नवी फीचर्स नाहीत. सुरक्षेचे आणि डेटा बिघडवणारे बग तेवढे दुरुस्त होतील, हे ग्राहकांना लेखी कळवायचं. धाकट्यांचं काम आठवड्यातून ठरलेल्या दिवशी, आणि पाळीपाळीने. पाळी महत्त्वाची, कारण एकालाच तिथे बसवलं तर त्याला अडगळीत टाकल्यासारखं वाटतं, तो नोकरी सोडतो आणि त्या कोडची माहिती त्याच्याबरोबर जाते. सेल्सवाल्यालाही हे आधी सांगा. नाहीतर गोठवलेल्या प्रॉडक्टमध्ये नवं फीचर देण्याचं वचन तो पुढच्याच मीटिंगमध्ये देऊन येईल.

तिसऱ्या, मूळच्या ग्राहकाच्या प्रॉडक्टबद्दल एवढंच: अजून त्याचा ग्राहक एकच असेल तर ते प्रॉडक्ट नाही. त्याचा देखभालीचा करार करा आणि यादीतून काढा.

आता थोरलं निवडायला कोणतं साधन? बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपच्या ब्रूस हेंडरसन यांनी १९७० मध्ये मांडलेला, प्रॉडक्ट्सची चार गटांत वाटणी करणारा चौकोन (तारे, दुभत्या गायी, प्रश्नचिन्हं आणि कुत्री) आपल्या उपयोगाचा नाही. त्याचा एक अक्ष सर्वांत मोठ्या स्पर्धकाच्या तुलनेतल्या बाजारहिश्श्याचा. त्या मापाने छोट्या कंपनीची बहुतेक प्रॉडक्ट्स प्रश्नचिन्ह नाहीतर कुत्रं ठरतात. इंटरकॉम या सॉफ्टवेअर कंपनीचं राइस सूत्र (पोहोच, परिणाम आणि खात्री यांचा गुणाकार, भागिले मेहनत) एकाच प्रॉडक्टमधल्या फीचर्ससाठी छान, पण प्रॉडक्ट्सची तुलना करताना फसतं: चार हजार फुकट वापरणारे साठ पैसे देणाऱ्यांना सहज झाकून टाकतात. उशिराची किंमत, म्हणजे काम लांबलं तर किती नुकसान होतं ते, मोजणं मात्र कामाचं, विशेषतः तारीख बाहेरून आलेली असते तेव्हा. ब्राउझरमध्ये अ‍ॅनिमेशन आणि व्हिडिओ चालवणाऱ्या फ्लॅश या तंत्राचा सपोर्ट ३१ डिसेंबर २०२० ला संपला. फ्लॅशवर उभ्या असलेल्या प्रॉडक्टला त्याआधीचा प्रत्येक महिना आधीच्यापेक्षा महाग होता.

कोणतीही वाट धरण्याआधी चार आठवडे एक वही ठेवा. कोणत्या प्रॉडक्टसाठी कोण उठलं, आणि हातातलं काम पुन्हा सुरळीत केव्हा सुरू झालं. दुरुस्तीची पाच मिनिटं लिहायची नाहीत; सकाळी फोन वाजल्यापासून चार वाजेपर्यंतचा अख्खा वेळ लिहायचा.